संपातला पंप

भजहरी बाउरी बहिरा नव्हता, पण वीस वर्षं पंपाशेजारी बसलेला माणूस जसा बोलतो तसा बोलायचा. ओरडून, आणि तेही मोजकंच. त्याने घरात बायकोला "मीठ कमी पडलंय" म्हटलं की कामगारांच्या लाइनीतल्या नव्वद खोल्यांना कळायचं. पोरं त्याची नक्कल करायची आणि तो आपल्याच नकलेला सगळ्यांत मोठ्याने हसायचा.

शिरीषडांगाच्या कोळसा खाणीत तो पंप खलाशी, म्हणजे पंप चालवणारा होता आणि मी बत्तीघरात. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला टोपीवरची बत्ती मी द्यायचो आणि वर आल्यावर परत घ्यायचो. बत्ती आली म्हणजे माणूस आला. भजहरीची बत्ती मी बावीस वर्षं हातात घेतली. म्हणून त्याची गोष्ट सांगायला मी लायक आहे असं नव्हे. उलट माझ्याइतका नालायक कोणी नसेल. पण बाकीचे ती सांगतच नाहीत, आणि सांगितलीच तर त्यातून स्वतःला अलगद वगळतात. त्याचा मला संताप येतो.

पंप हा आमच्याकडे फार कामाचा शब्द. सायकलीत हवा भरायची पंपाने, स्टोव्ह पेटवायचा पंप मारून. पुढाऱ्याने पोरांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की आम्ही म्हणतो, पंप दिला. साहेब पाठीवर हात ठेवून गोड बोलला की तोही पंपच. आणि फौजदार चहा पाजून पोटातलं काढून घ्यायला लागला, तर लोक लांबूनच सांगतात, बघ, पंप लावलाय. भजहरीच्या वाट्याला हे सगळे पंप आले. त्याला स्वतःला मात्र एकच कळायचा, पाण्याचा.

आमची खाण उतरणीची, तीनशे बारा पायऱ्यांची. तळाशी उत्तरेकडे कोळशाचीच एक जाड भिंत मुद्दाम राखलेली. भिंतीपलीकडे गोऱ्या साहेबाच्या काळातलं जुनं खोदकाम. साहेबाने कोळसा नेला, पोकळी तशीच टाकली, आणि तिच्यात साठ वर्षांचं पाणी भरलं. भिंतीतून एक नळ काढून ते पाणी रोज थोडं थोडं ओढावं लागे. नाही ओढलं तर दाब वाढून भिंत फुटणार आणि अख्खी खाण बुडणार. बाजूच्या चढत्या गल्लीच्या टोकाला ते पाणी दिसायचं, काळं आणि अगदी गप्प. तिथल्या दगडावर चुन्याची एक रेघ होती. पाणी रेघेच्या वर जाऊ द्यायचं नाही, एवढीच भजहरीची नोकरी. आठवड्याला एकदा सर्व्हेवाले सामंतबाबू येऊन माप घेऊन जात.

संप आमच्याकडे कमी झाले नाहीत. पण संपात कोळसा थांबायचा, पंप आणि हवेचा पंखा कधी थांबत नसे. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती. युनियनच पंप खलाशांच्या दंडाला लाल फीत बांधायची आणि फीत दिसली की दारावर बसलेली पोरं पाय आखडून वाट द्यायची.

त्या वर्षी भाद्रपदात सतरा बदली कामगारांना कामावरून काढलं आणि संप सुरू झाला. सेक्रेटरी तारक मंडल. वय तीस, जिभेवर साखर. आता लोक त्याला सगळ्या पापांचा धनी करतात, पण तेव्हा आम्हीच त्याला खांद्यावर घेऊन नाचलो होतो. पाचव्या दिवशी कालीमंदिरापुढच्या सभेत तो म्हणाला की पंप चालू आहे तोवर साहेब सुखाने झोपतोय. पंप बंद करा, खाण बुडायला लागली की साहेब अनवाणी पळत येईल. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दोन पाळ्यांच्या पंपवाल्यांनी तिथेच दंडाच्या फिती सोडून तारकच्या हातात दिल्या. भजहरी उभा राहिला.

"तारक, पाणी संपावर जात नाही," तो म्हणाला.

"म्हणजे तू साहेबाच्या बाजूचा."

"पाण्याच्या बाजूचा म्हण हवं तर. भिंत फुटली तर परत जायला खाण कुठे राहणार? सतरा जणांसाठी भांडतोयस आणि सहाशे जणांना घरी बसवशील."

मागून कोणीतरी म्हणालं, "दादाला साहेबाने जोरात पंप दिलेला दिसतोय." सगळे हसले. मीही हसलो.

भजहरी पंपावर खाली गेला आणि सभेने त्याला वाळीत टाकलं. त्याच्याशी बोलायचं नाही, दुकानातून त्याला काही द्यायचं नाही. आणि तारकने तिसरं कलम घातलं, त्याच्या घरच्यांना लाइनीतल्या हापशावर पाणी भरू द्यायचं नाही. घरचं म्हणजे कोण, तर एक बायको, पारुल. मूलबाळ नव्हतं. हात वर करा म्हटल्यावर मी हात वर केला. तेव्हा मला काय वाटलं असं कोणी विचारलं तर खरं सांगतो, काहीच वाटलं नाही. सगळ्यांचे वर होते.

भाद्रपद म्हणजे बाउरी समाजातल्या बायकांचा भादूचा महिना. मातीची भादूदेवी कोनाड्यात बसवायची आणि रोज संध्याकाळी तिच्यापुढे गाणी म्हणायची. लाइनीतल्या गाण्यांना आवाज पारुलचा असे. माझी बायको शेफाली तिच्या मागे सूर धरायची. दोघींनी पानसुपारी देऊन मैत्र बांधलं होतं, तेव्हापासून एकमेकींचं नाव घेत नसत, सई म्हणत. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पारुल हापशावर आली तर दोन बायकांनी तिची घागर उचलून बाजूला ठेवली. दांड्यावर शेफाली होती.

"सई, एकच घागर," पारुल म्हणाली.

शेफाली मान खाली घालून हापसत राहिली. घरी येऊन तिने भाताच्या पातेल्यावर झाकण आपटलं आणि मला म्हणाली, तुमच्या मिटिंगला आग लागो. मी म्हटलं, तू द्यायची होतीस. ती म्हणाली, तुम्ही हात खाली ठेवायचा होतात. दुसऱ्या दिवशी पारुल पुन्हा आली तेव्हाही शेफाली तशीच हापसत राहिली.

पहिले काही दिवस पावसाने पारुलला तारलं. कौलांखाली पातेली, डबे, परात, सगळं मांडून ती वळचणीचं पाणी धरायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, आभाळाचा हापसा कोणाच्या बापाचा नाही. संध्याकाळी बाकीच्या बायका भादूपुढे जमायच्या आणि ही आपल्या दारात एकटी बसून तीच गाणी म्हणायची, आवाज जरा चढवूनच. तिकडे सूर लागत नसे. शेवटी त्या बायका लवकर उठायला लागल्या.

भजहरी सोळा सोळा तास खाली राहू लागला, रात्री वर यायचा तेव्हा हापशाला कुलूप असायचं. दुसऱ्या पाळ्या कोण करणार? मॅनेजरसाहेबाने त्याला ऑफिसात बोलावून संदेश मिठाईचा पुडा दिला, पाठ थोपटली, तुझ्यासारखी दहा माणसं असती तर खाणीचं सोनं झालं असतं म्हणाला. भजहरीने पुडा तसाच टेबलावर ठेवला आणि एकच मागितलं, घरी पाण्याचा टँकर पाठवा. उद्याच पाठवतो, साहेब म्हणाला. तो उद्या आला नाही. साहेबाच्या मनात कपट होतं असं मला वाटत नाही, तो विसरला असेल. विसरणं हे साहेब लोकांचं काम आम्ही जन्मभर पाहत आलोय.

मग फौजदाराने त्याला चहाला बसवलं. ऑफिसच्या काचांवर दगड कोणी मारले, नाव सांग. दगड तारकच्या धाकट्या भावाने मारले होते आणि भजहरीने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने चहा प्यायला आणि म्हणाला, "मी खाली असतो, साहेब. खाली खिडक्या नाहीत." हे आम्हाला पुढे शिपायाकडून कळलं. त्या दिवशी मात्र लाइनीत पसरलं की भजाने नावं सांगितली. मीही ते चार जणांना सांगितलं.

वाळीत टाकल्याच्या सहाव्या दिवशी ऊन पडलं आणि वळचणी सुकल्या. पंपाचं पाणी खाणीबाहेर नाल्यात पडायचं, पण ते जुनं पाणी गंजासारखं तांबडं आणि नासक्या अंड्याच्या वासाचं, जनावरही तोंड लावत नसे. आणि वर पाऊस थांबला तरी जमिनीखाली पाणी आठवडाभर चढतच असतं. त्यामुळे भजहरीला पंप सोडता येईना आणि पारुलच्या घरात प्यायला पाणी उरेना. तो कुठून तरी अर्धी बाटली आणायचा, ती दोघं पुरवून प्यायची. आठव्या रात्री शेजारच्या त्याच्या खोलीतून, भिंतीपलीकडून, त्याचा आवाज आला. तो हळू बोलत असणार, पण त्याचं हळू म्हणजे काय ते सांगितलंच आहे.

"परवा दुपारपर्यंत कळ काढ. दोन्ही पंप लावून पाणी इतकं खाली ओढतो की मला अर्धा दिवस वर येता येईल. मग मी घागर घेऊन हापशावर उभा राहतो. बघू कोण अडवतं."

पारुल काहीतरी म्हणाली, ते ऐकू आलं नाही.

त्याने बोलल्याप्रमाणे केलं. एरवी एक पंप चालायचा, दुसरा अडीनडीसाठी. आता दोन्ही लागले, दोन दिवस अखंड. पाणी रेघेखाली एक फूट उतरलं, दोन उतरलं, चार उतरलं. रेघेच्या वर जाऊ द्यायचं नाही हे त्याला नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं. खाली जाऊ द्यायचं नाही हे कोणी कधी बोललंच नव्हतं, कारण सामंतबाबू दर आठवड्याला येत आणि पंप कधी थांबवायचा ते सांगून जात. संपात सामंतबाबू घरी होते.

त्या दिवशी पारुलने दुपारपर्यंत कळ काढली नाही. आदल्या संध्याकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा घोट नव्हता. सकाळी दहाच्या सुमारास तिने दोन घागरी घेतल्या आणि लाइनीमागच्या पळसाच्या झुडपांतून जुन्या पोखरीकडे निघाली. उघड्या खाणीच्या खड्ड्यात साचलेलं तळं ते, पाणी बरं असतं, पण पावसात काठ निसरडे म्हणून भाद्रपदात तिकडे कोणी फिरकत नसे. कंपनीची धोक्याची पाटी तिथे होती, पण एरवी त्या वाटेने आम्ही सगळेच जायचो. शेफालीने तिला जाताना दारातून पाहिलं. मी हाक मारणार होते, असं ती अजूनही म्हणते. मी तिला गप्प करत नाही.

आवाज फार मोठा झाला नाही. कोणी भरलं पोतं जमिनीवर टाकावं तसा झाला. आम्ही धावलो तर पळसाची सात-आठ झाडं जागेवर नव्हती. चाळीस फुटांचं भोक, कडा अजून ढासळत होत्या, आणि खोल खाली काळं पाणी हलत होतं. काठावर एक घागर आडवी पडली होती. दोर सोडले, गळ टाकले. काही लागलं नाही. खाली जुन्या गल्ल्या चारी बाजूंना गेलेल्या, पाण्याने तिला कुठे नेलं कोण सांगणार.

बारा वाजता भजहरी कबूल केल्याप्रमाणे वर आला. तोंड धुऊन, केस बसवून आला होता. खाणीच्या तोंडाशी मी होतो, म्हणून सांगायचं माझ्यावर आलं. दहा दिवसांनी मी त्याच्याशी बोललो ते हे.

"भजादा, पोखरीच्या वाटेवर जमीन धसली. वहिनी होत्या तिथे."

त्याने विचारलं, किती वाजता. मी म्हटलं, दहाला. तो वळला आणि तीनशे बारा पायऱ्या धावत उतरला. आम्हाला वाटलं वेड लागलं. थोड्या वेळाने नाल्यात तांबड्या पाण्याचा लोंढा आला. दोन्ही पंप पूर्ण जोराने लागले होते. तो पारुलला शोधायला पाणी उपसत होता.

तासाभरात सामंतबाबू नकाशा घेऊन आले. त्यांनी बोट ठेवून दाखवलं, भोक पडलं ते जुन्या खोदकामावर, आणि आमची नव्वद खोल्यांची लाइनही त्याच खोदकामावर उभी आहे. गोऱ्या साहेबाने खांब न ठेवता कोळसा नेला. इतकी वर्षं वरची जमीन त्या पाण्यानेच तोलून धरली होती. पाणी चार फूट उतरलं, जिथे पापुद्रा पातळ होता तिथे जमीन बसली. आणखी उतरलं तर लाइन जाईल. आम्ही घरी पळालो. माझ्या स्वयंपाकघरात चुलीपासून दारापर्यंत भेग गेली होती, तिच्यात बोट जात होतं. शेफाली अंगणात उभी राहून मला नाही, त्या भेगेला शिव्या देत होती.

वरून वीज तोडावी तर पंखाही बंद पडणार, खाली भजहरी गुदमरणार. शिवाय मग पाणी चढलं तर भिंतीशी सांभाळायला कोण? कोणीतरी जाऊन त्याला सांगायला हवं होतं. तारक निघाला, एवढं श्रेय त्याला देतो. बरोबर मी.

पंपाच्या कोठडीत भजहरी नळावर हात ठेवून बसला होता, आतून पाणी कसं जातंय ते हाताला कळायचं त्याला. तारक जवळ गेला. परवापर्यंत अरेतुरे करणारा माणूस, पण आता म्हणाला, "दादा, पंप बंद करा तुम्ही."

"त्या दिवशीही हेच म्हणत होतास," भजहरी म्हणाला.

तारक मागे सरला. मग मी सामंतबाबूंनी सांगितलं ते सगळं सांगितलं. पाण्याने जमीन धरलीय, आणखी ओढलंस तर लाइन खाली येईल, शेफाली वर आहे, सगळ्यांची पोरंबाळं वर आहेत.

"पारुल खाली आहे," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो हळू बोलला. पंपाच्या आवाजात ते मला त्याच्या ओठांवरून कळलं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "अजून आठ फूट. दोन दिवस लागतील. आठ फुटांवर गल्लीचा तळ आहे, तिथे ती सापडेल."

"तोवर लाइन राहणार नाही, भजादा."

"म्हणजे तिच्या पायाखालचं पाणी मीच ओढलं," तो म्हणाला. "तिला पाणी आणायला सुट्टी हवी होती, म्हणून ओढलं." तो माझ्याकडे वळला. "गौर, तिला पाणी कोणीच दिलं नाही?"

"नाही."

"शेफालीनेही?"

"नाही. तिचं सोड. सभेत मी हात वर केला होता."

हे बोलून मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. त्याने मला मारलं असतं तर मी उभा राहिलो असतो. तो उठला, एका पंपाचं बटण दाबलं, मग दुसऱ्याचं. इतक्या वर्षांत ती कोठडी शांत झालेली मी ऐकली नव्हती. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. तारक भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडायला लागला. भजहरीने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"पाणी आपोआप रेघेवर येईल, पण वर जायला नको," तो मला म्हणाला. "दोन माणसं लागतील. मला आता एकट्याने होणार नाही."

पंप सोडून गेलेले दोघे त्याच संध्याकाळी परत आले. पाणी रेघेवर यायला चार दिवस लागले.

संप आणखी आठवड्याने मिटला. सतरा जण कामावर आले. सहाशे माणसं पहिल्या पाळीला कोरड्या खाणीत उतरली आणि आपण कशामुळे कोरड्यात उभे आहोत हे कोणी बोललं नाही. कंपनीने त्या भोकात वाळू आणि राख ओतून ते बुजवलं. देह नव्हता, म्हणून भजहरीने गवताची बाहुली करून जाळली. त्या वर्षी भादूचं विसर्जन झालं, गाणी झाली नाहीत.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापासून शेफाली पहाटे त्याच्या दारात भरलेली घागर ठेवू लागली. तो ती आत घ्यायचा, पाणी प्यायचा, रिकामी घागर घासून परत दारात ठेवायचा. एकदा तरी त्याने ती लाथाडली असती तर आम्हा दोघांना बरं वाटलं असतं. ते सुख त्याने दिलं नाही. कामाचा एक दिवस त्याने चुकवला नाही. पाळी सुरू होताना आणि संपताना त्या गल्लीच्या टोकाला जाऊन पाणी बघून यायचा, आणि बत्ती परत देताना मला रोज सांगायचा, रेघेवर आहे. मी विचारत नसे.

सात वर्षांनी तो निवृत्त झाला. शेवटच्या दिवशी नव्या खलाशाला काम दाखवायला गेला, तेव्हा मीही बरोबर उतरलो. नवा माणूस बांकुड्याकडचा, बायकोमुलांसह आमच्याच लाइनीत राहायला आलेला. भजहरीने त्याला पंप दाखवले, नळ दाखवला आणि मग गल्लीच्या टोकाशी नेऊन रेघेवर बत्तीचा उजेड टाकला.

"या रेघेच्या वर पाणी जाऊ द्यायचं नाही, हे तुला साहेब सांगतील. खालीही जाऊ द्यायचं नाही, हे मी सांगतो."

"खाली का नाही, काका?"

"खाली माझी बायको आहे," भजहरी ओरडून म्हणाला, आणि माझ्याकडे बोट केलं. "वर याची आहे."